पोरगी वायरिंग शिकली तर विज्ञानात मागं पडेल का?

रेडिओवरच्या आमच्या या बोलण्यानंतर बऱ्याच जणींनी निरोप पाठवला की, हे लिहून द्या, गटाच्या बैठकीत वाचायचं आहे. म्हणून इथं देत आहोत.

गेल्या वर्षी जूनची गोष्ट. आमच्या गटाची महिन्याची बैठक होती. हप्ते भरून झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि एका ताईनं पिशवीतून शाळेचा कागद काढला. तिची पोरगी नववीत गेली होती. शाळेत व्यवसाय शिक्षणाचा विषय सुरू होता. आठवड्यातला एक दिवस वर्कशॉपमध्ये आणि शाळेच्या शेतात काम. त्यात वायरिंग, वेल्डिंग, बांधकाम, शेती, जनावरं, खाद्यपदार्थ असं सगळं. पालकाची सही हवी होती.

"पोरगी म्हणते, सही कर. दीर म्हणतात, तिला सायन्सला टाकायचीय, नर्स करायचीय, वायरी जोडून काय मिळणार? सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीनं शिडीवर चढायचं का? तुम्ही सांगा, मी काय करू?"

आम्ही दहा जणी, दहा तोंडं. एक म्हणाली घे, दुसरी म्हणाली अजिबात नको. तिसरी म्हणाली, "असले विषय ढ पोरांना देतात." आमच्यापैकी कुणालाच नीट माहिती नव्हती. मग आम्ही ठरवलं की अंदाजानं बोलायचं नाही. शाळेतल्या सरांना आणि मॅडमना विचारलं, पुस्तकं चाळली, जाणत्या माणसांशी बोललो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, हा विचार काही नवा नाही. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला होता. त्या आयोगापुढं महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत लिहिणं, वाचणं, हिशेब तर हवाच, पण शेतीचं सोपं ज्ञान आणि आरोग्याचे धडेही हवेत, असं त्यांनी त्यात मांडलं. पुढं १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली. हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायचे, असा विचार तिथं पुढं आला. तीच नई तालीम.

आपल्या काळाला सगळ्यात जवळचं उदाहरण आहे पाबळचं. पाबळ हे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं गाव. कमी पावसाचा मुलूख. तिथं १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हे अन्नशास्त्रातले मोठे शास्त्रज्ञ. अमेरिकेत शिकून आले, म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेत काम केलं, मग मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात राहिले. मुदतीआधीच नोकरी सोडून ते पत्नीसह पाबळला येऊन राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं. लहान मूल चालायला, बोलायला शिकतं ते पुस्तकातून नाही, करून करून शिकतं. माणसाची शिकायची ही मुळातली रीत आहे. मग शाळेत गेल्यावर आपण ती का सोडून देतो? शाळा सोडलेली पोरं त्यांच्याकडं काम शिकायला आली. वर्गात जी मागं पडलेली, ती कामात मागं नव्हती.

याच कामातून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक अभ्यासक्रम तयार झाला, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. राज्याच्या एसएससी बोर्डानं त्याला मान्यता दिली. त्याचे चार भाग आहेत. एक अभियांत्रिकी, म्हणजे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम. दुसरा ऊर्जा आणि पर्यावरण. तिसरा गृह आणि आरोग्य. चौथा शेती आणि पशुपालन. आठवड्यातून एक दिवस काम, बाकीचे दिवस नेहमीची शाळा. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की चारही भाग सगळ्यांना करावे लागतात. मुलीनं वेल्डिंग करायचं आणि मुलानं स्वयंपाकघरातलं कामही करायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

आता मूळ प्रश्न. यानं विज्ञानाचा अभ्यास बुडतो की वाढतो? आम्ही चार कामं घेऊन बघितली. तुम्हीही बघा.

पहिलं काम, गाईचं वजन. बाजारात गाय विकताना, खुराक ठरवताना, डॉक्टरांना जंताच्या औषधाचा डोस ठरवतानाही वजन लागतं. आपल्याकडं गाय उभी राहील असा काटा कुठं असतो? पोरं शिवणकामाची टेप घेतात. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजतात. मग खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी मोजतात. दोन्ही मापं इंचात. घेराला घेरानं गुणायचं, आलेल्या आकड्याला लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं. उत्तर किलोत येतं. समजा घेर ६० इंच, लांबी ५० इंच. साठ गुणिले साठ ३,६००. गुणिले पन्नास १,८०,०००. भागिले ६६०, म्हणजे साधारण २७२ किलो. हा अंदाज असतो, काट्यासारखं तंतोतंत नाही, पण नुसत्या नजरेच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरा. शंभर किलो वजनाला अडीच ते तीन किलो कोरडा चारा धरला, तर या गाईला दिवसाला सात-आठ किलो कोरड्या वजनाचा चारा-खुराक लागणार. हिरव्या चाऱ्यात पाणीच जास्त असतं, म्हणून तो वजनानं याच्या कितीतरी पट लागतो.

आता मॅडमनी विचारलं, घेर दोनदा का गुणायचा, लांबी एकदाच का? इथं विज्ञान सुरू झालं. गाईचं धड म्हणजे आडवं ठेवलेलं पिंप. पिंपाचा आकार म्हणजे पुस्तकातली वृत्तचिती. पिंपात किती मावतं हे त्याच्या जाडीवर दुप्पट जोरानं ठरतं आणि लांबीवर एकपट. डोकं, मान, पाय यांचं वजन त्या ६६० च्या भागाकारात धरलेलं आहे. दहावीच्या गणितातलं महत्त्वमापन हेच. वहीत ते सूत्र पाठ करून दोन दिवसांत विसरलेली पोरं गाईपाशी उभी राहून शिकली की विसरत नाहीत.

दुसरं काम, सोयाबीनची उगवण तपासणं. घरचं बी पेरायचं की नाही, हा दर जूनमधला प्रश्न. पोरं पोत्यातून वेगवेगळ्या जागचं बी काढून मिसळतात आणि त्यातले शंभर दाणे मोजून घेतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडतात, गुंडाळी करतात, सावलीत ठेवतात, ओल राखतात. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले मोड आलेले दाणे मोजतात. शंभरातले सत्तर किंवा जास्त उगवले तर बी पेरण्याजोगं. त्याहून थोडे कमी उगवले तर बी वाढवून पेरायचं, फारच कमी उगवले तर ते बी पेरायचं नाही.

यात विज्ञान कुठं आहे? बी वरवरचंच का नाही घ्यायचं, पोत्याच्या तळाचंही का घ्यायचं? कारण थोड्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायचा तर ते थोडं सगळ्या ठिकाणचं हवं. याला नमुना घेणं म्हणतात. ओल कशाला हवी, हवा कशाला हवी, पाण्यात बुडवून ठेवलं तर दाणा का कुजतो? ही झाली बीजांकुरणाची गोष्ट. आणि शंभरच दाणे का? कारण शेकडेवारी सोपी जाते. आपण बाया हे काम आईपासून शिकलो. पण त्यातलं का हे कुणी आपल्याला विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही.

तिसरं काम, भिंत आणि सिमेंट. गवंडी दोन टोकांना पातळी लावायला पारदर्शक नळीत पाणी भरतो. नळी कितीही वाकडी असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला थांबतं. पाण्याचा दाब हा विषय या नळीत दिसतो. काटकोन काढायला तो दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करतो. हा पायथागोरसचा सिद्धांत. आणि सिमेंटवर सात-आठ दिवस पाणी का मारायचं? आम्हांला वाटायचं, सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं नाही. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते घट्ट होतं. पाणी लवकर उडालं तर ती क्रिया अर्धवट राहते आणि काम कच्चं राहतं. तसंच कालवताना पाणी जास्त झालं तर मागं बारीक पोकळ्या राहतात, आणि पुन्हा काम कच्चं. घरकुलाचं काम चालू असेल तर हे तुमच्याही कामाचं आहे.

चौथं काम, रक्त आणि जेवण. गृह-आरोग्याच्या भागात हिमोग्लोबिन म्हणजे काय, ते कसं मोजतात हे शिकवतात. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला रक्तक्षय आहे असं धरतात, गरोदर बाईचं ११ च्या खाली. मुलगी हे शिकून घरी आली की पहिला प्रश्न आईला विचारते, "आई, तुझं किती आहे?" पालेभाजीवर लिंबू पिळलं तर लोह अंगी लागायला मदत होते आणि जेवणाला लागून चहा घेतला तर अडथळा येतो. हेही रसायनशास्त्रच आहे, फक्त आपल्या ताटातलं.

म्हणजे मग हाताचं काम दिलं की विज्ञान आपोआप येतं का? नाही. सख्यांनो, इथंच बरीच फसगत होते, म्हणून हे नीट ऐका.

आपण बाया आयुष्यभर कुकर लावतो. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते हे किती जणींना सांगता येईल? आतली वाफ कोंडते, दाब वाढतो, म्हणून पाणी शंभर अंशांवर न उकळता साधारण एकशे वीस अंशांपर्यंत तापतं आणि डाळ लवकर शिजते. हजारो वेळा कुकर लावूनही हे आपल्याला कळलं नाही. कारण काम केल्यानं काम येतं. त्यामागचं कारण कुणीतरी थांबवून दाखवावं लागतं.

अमेरिकेत याचा नीट अभ्यास झाला. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. तिथल्या हायस्कुलात शेती, मोटारदुरुस्ती, आरोग्य, व्यापार, संगणक असे व्यवसाय-विषय असतात. काही वर्गांत नेहमीसारखंच काम शिकवलं. काही वर्गांत व्यवसायाच्या शिक्षकांनी गणिताच्या शिक्षकांबरोबर बसून धडे तयार केले आणि त्या कामात लपलेलं गणित उघड करून शिकवलं. यात वर्गाचा साधारण दहावा हिस्सा वेळ गेला. वर्षानं परीक्षा घेतली. ज्यांना गणित उघड करून दाखवलं होतं, ती मुलं गणिताच्या सर्वसाधारण परीक्षेतही पुढं होती. आणि त्यांचं व्यवसायाचं कौशल्य काही कमी झालं नव्हतं. हा अभ्यास गणिताचा होता, पण त्यातला धडा विज्ञानालाही लागू पडतो, असं आमच्याशी बोललेल्या शिक्षकांचं म्हणणं आहे. व्यवसायाचा विषय म्हणजे विज्ञानाला मारक नाही आणि तो घेतला म्हणून विज्ञान आपोआप सुधारतही नाही. दोन शिक्षक एकत्र बसतात की नाही, यावर सगळं ठरतं.

शिकवणं बरं चाललं आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. पोरांच्या कामाच्या वहीत बघा. काम करण्याआधी अंदाज लिहिला आहे का? मोजमाप लिहिलं आहे का? खर्चाचा हिशेब आहे का? चित्र काढलं आहे का? अंदाज चुकला तर का चुकला हे लिहिलं आहे का? आणि हे विज्ञानाच्या कुठल्या धड्यात येतं याची नोंद आहे का? हे सगळं असेल तर ते शिक्षण. वहीत नुसतं "आज वेल्डिंग केले" एवढंच असेल, तर ती बिनपगारी मजुरी समजा.

आता दोन दुखऱ्या जागा. त्या टाळून पुढं जाता येणार नाही.

पहिली जागा जातीची. आमच्या गटातल्या एक काकू हे सगळं ऐकून म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं जन्मभर हेच हाताचं काम केलं. शाळेच्या दारात त्याला उभं केलं नाही. आता माझ्या नातवाला शाळेत घातलं, तर शाळा त्याला परत हत्यारंच देणार का?" आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण हे खरं आहे. आपल्याकडं हाताचं काम एकाच्या वाट्याला आणि अक्षर दुसऱ्याच्या वाट्याला, अशी वाटणी शेकडो वर्षं होती. म्हणून काकूंचा राग रास्त आहे. यावर उत्तर एकच आहे. कमी गुणांच्या, गरिबांच्या, ठरावीक वस्तीतल्या पोरांना वेगळं काढून व्यवसाय आणि बाकीच्यांना विज्ञान, असं होत असेल तर ती जुनीच वाटणी नव्या नावानं आली. तिला ठाम विरोध करायचा. पण सरपंचाचं पोर, शिक्षकाचं पोर आणि मजुराचं पोर एकाच दिवशी एकाच खड्ड्यात उतरून शोषखड्डा बांधत असतील आणि तिघंही संध्याकाळी त्याचं गणित मांडत असतील, तर ती वाटणी मोडते.

दुसरी जागा मुलींची. बऱ्याच ठिकाणी विषय एकच असतो, पण मुलांना वायरिंग आणि मुलींना शिवण-मेंदी. शिवण वाईट नाही. मापं, कोन, कापडाचा हिशेब, त्यातही गणित आहे. पण वीज, मोटार, वेल्डिंग यांच्यापासून मुलीला लांब ठेवलं, तर विज्ञानाचे तेवढे धडे तिच्या वाट्याला फक्त पाठांतराचेच येतात. मग आपणच म्हणतो, मुलींना फिजिक्स जमत नाही. म्हणून मघाशी म्हणालो, चारही भाग सगळ्यांना, ही गोष्ट लक्षात ठेवा.

त्या ताईचं काय झालं, ते सांगतो. आम्ही पाच जणी तिच्याबरोबर शाळेत गेलो. गणित-विज्ञानाचे तास कमी होणार का, मुलींना सगळे भाग मिळणार का, विजेचं काम करताना शिक्षक समोर उभे असणार का, असं सरळ विचारलं. सर आधी जरा चिडले. मग म्हणाले, "पालक असं विचारायला पहिल्यांदाच आले." मुलींना वायरिंग द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं, ते द्यायचं ठरलं. ताईनं सही केली.

पावसाळ्यात आमच्या गटाच्या पिठाच्या गिरणीवर ही पोरगी दळण घेऊन आली. गिरणीला हात लावला की हाताला मुंग्या यायच्या. आम्ही म्हणायचो, ओल आली आहे, चालायचंच. पोरगी म्हणाली, "काकू, हात लावू नका. मेन स्विच बंद करा." तिनं कशालाही हात लावला नाही. सॉकेट आणि वायर लांबूनच बघून म्हणाली, "याला अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही." आम्ही लायसन असलेल्या वायरमनला बोलावलं. त्यानं तपासलं. मोटारीत वीज गळत होती आणि ती जमिनीत जायला वाटच नव्हती. म्हणजे ती वाट आमच्या अंगातून होती. ओल्या हाताचा विरोध कमी असतो, म्हणून पावसाळ्यात जास्त मुंग्या. त्यानं मोटार दुरुस्त केली, अर्थिंग नीट केलं, आणि वीज गळली की आपोआप बंद करणारा ईएलसीबी बसवून दिला. ज्या मुंग्यांना आम्ही हसत होतो, त्यांतून एखादीचा जीव गेला असता.

पुढं सहामाहीच्या विज्ञानाच्या पेपरात एकसर जोडणी आणि समांतर जोडणी यांतला फरक विचारला होता. पोरीनं वर्कशॉपमध्ये दोन्ही जोडण्या केल्या होत्या. एकसरमध्ये एक दिवा गेला की सगळे जातात, समांतरमध्ये बाकीचे चालू राहतात, म्हणून घरातली वायरिंग समांतर असते, हे तिनं आपल्या शब्दांत लिहिलं. खोटं कशाला सांगायचं, तिचे गुण काही एकदम नव्वदला पोचले नाहीत. पण विज्ञानात पहिल्यांदाच तिनं पाठ न करता उत्तर लिहिलं. आणि दीर आता घरचं वीजबिल तिच्याकडून तपासून घेतात. शंभर वॅटचा दिवा दहा तास म्हणजे एक युनिट, हजार वॅटचं पाणी तापवायचं कॉइल एक तास म्हणजे एक युनिट, हे तिनं सगळ्या घराला शिकवलं.

तुमच्या शाळेत असा कागद आला, तर काय करायचं? आम्ही जे प्रश्न विचारले ते लिहून ठेवा.

एक, हा विषय घेतला तर गणित किंवा विज्ञान सुटतं का? कुठला विषय बदलला जातो हे शाळेकडून लेखी घ्या. दहावीनंतर अकरावी विज्ञानाला किंवा पॉलिटेक्निकला जायचं, तर गणित आणि विज्ञान लागतं.

दोन, मुलगे आणि मुली सगळे भाग करतात का?

तीन, विज्ञानाचे शिक्षक आणि व्यवसायाचे शिक्षक एकत्र बसून धडे ठरवतात का?

चार, साधनं किती आहेत? चाळीस पोरांत एक सोल्डरिंग गन असेल तर एकच पोरगं करणार आणि बाकीची बघणार.

पाच, सुरक्षेचं काय? वेल्डिंगचा चष्मा, हातमोजे, पायात बूट, प्रथमोपचाराची पेटी, विजेचं काम करताना शिक्षक हजर. यात तडजोड नको.

सहा, वही दाखवा. अंदाज, मोजमाप, खर्च, कारण आणि धडा, हे सगळं आहे का?

हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आठवीपर्यंतच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण सदस्य पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात, असं २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. हायस्कुलात पालक-शिक्षक संघ असतो. एकटीनं जायला भीती वाटत असेल तर गटानं जा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या कारागिरांकडं जाऊन शिकावं, असं म्हटलं आहे. त्या दहा दिवसांत आपल्या गटाची गिरणी, शेवयांचं मशीन, पापडाचं काम, गांडूळखत पोरांना दाखवायला आपण शाळेला बोलावू शकतो. पण मग नुसतं दाखवू नका. मोजायला लावा. एक किलो डाळीचे पापड वाळल्यावर किती भरले? कमी झालेलं वजन कशाचं? पोरांनाच विचारा.

आणि शाळेत असा विषय नसेल तर? घरी करा. पोरीला म्हणा, घरातल्या दिव्यांचे वॅट लिही आणि महिन्याचे युनिट काढ. पोराला म्हणा, शेळीचं वजन टेपनं काढून बघ, मग काट्यावर खरं किती भरतं ते बघ. फरक आला तर का आला, ते रात्री जेवताना सांग. आपल्याला उत्तर आलंच पाहिजे असं नाही. "का?" हे विचारायला शिक्षण लागत नाही.

पुढच्या वाटाही माहीत असू द्या. व्यवसायाचा विषय घेतला म्हणजे पोरगी तिथंच अडकली असं नाही. विज्ञान-गणित चालू असेल तर अकरावी विज्ञान आहे, पॉलिटेक्निक आहे. दोन वर्षांचा आयटीआय करून, अटी पूर्ण केल्या तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची सोयही आहे. ती पोरगी अजून नर्सच व्हायचं म्हणते. होईल. दवाखान्यातही मशीन असतात आणि त्यांनाही अर्थिंग लागतं.

सासूबाईंचं विचाराल तर त्या अजून म्हणतात, पोरीनं शिडीवर चढू नये. पण परवा त्यांच्या खोलीतला दिवा गेला तेव्हा त्यांनी हाक मारली ती नातीलाच. मेन स्विच बंद करूनच ती चढली आणि खाली शिडी धरून सासूबाई उभ्या होत्या.

सख्यांनो, तुमच्या गावच्या शाळेत काय चाललं आहे, ते येत्या बैठकीत एकमेकींना विचारा. आणि जाताना आपल्या गिरणीचं, मोटारीचं अर्थिंग एकदा जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या.